लीड वाजवतो, पण शब्द ऐकू येत नाहीत. काय करू?

भांडुपचा_सहातारी

नमस्कार मंडळी. बराच काळ इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

वय २९, राहायला भांडुप, नोकरी अंधेरीत. इलेक्ट्रिक गिटार घेऊन साडेतीन वर्षं झाली. गिटार स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर मॉडेलच्या) घडणीची आहे, कंपनी साधीच. घरी अँप लावता येत नाही कारण बाबांची पहाटेची शिफ्ट असते, म्हणून रात्री दहानंतर हेडफोन लावून सराव करतो. रोज तास-सव्वा तास होतो. मायनर पेंटाटॉनिक या पाच सुरांच्या सप्तकाचे पाचही बॉक्स, म्हणजे मानेवरचे बोटांचे ठरलेले साचे, पाठ आहेत, मेट्रोनोम १२० वर ठेवून सोळा-सोळाचे पॅटर्न स्वच्छ येतात.

आता मुद्दा. सोसायटीच्या गणपतीत सांस्कृतिक कार्यक्रम होता. त्यात मी एक जुनं हिंदी गाणं गिटारवर वाजवलं, मागे बॅकिंग ट्रॅक. मुखडा, अंतरा, मध्ये दीड मिनिटांची माझी स्वतःची लीड, म्हणजे एकेका सुराची सोलो. टाळ्या पडल्या, पोरांनी व्हिडिओ काढले. आजी पहिल्या रांगेत खुर्चीवर होती. ती तरुणपणी गाणं शिकलेली आहे, अजूनही सकाळी स्वयंपाकघरात गुणगुणत असते. घरी आल्यावर तिने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "हात फार चपळ आहे रे तुझा. पण बाळा, शब्द ऐकू आले नाहीत."

मी म्हटलं, आजी, गिटारला शब्द कुठून येणार? ती म्हणाली, "का? सनईला येतात, बासरीला येतात."

त्या रात्री व्हिडिओ पुन्हा ऐकला. तिचं बरोबर आहे. सूर सगळे बरोबर आहेत, तालात आहेत, पण एकाही सुरावर मी थांबलेलो नाही. बेंड करतो, म्हणजे तार ओढून सूर चढवतो, तिथे सूर नेमका कुठे पोचतोय तेच कळत नाही, व्हायब्रॅटो (सुराला दिलेला हेलकावा) घाबरल्यासारखा थरथरतो. क्लासमध्ये विचारलं तर सरांनी सहावा पॅटर्न दिला.

मला वेग नको आहे. एक ओळ अशी वाजवायची आहे की आजीला तिचे शब्द ऐकू यावेत. सुरुवात कुठून करू? मनापासून सांगा.

---

सोल्डरवाला_परळ

आधी एक रुक्ष प्रश्न: तारा कुठल्या गेजच्या (जाडीच्या) आहेत आणि शेवटच्या कधी बदलल्या?

विचारण्याचं कारण आहे. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गिटारी बघतो, त्यात दहातल्या सहा-सात जणांचा बेंड बोटामुळे नाही, तारेमुळे बिघडलेला असतो. स्ट्रॅटची तार लांब, २५.५ इंची, त्यामुळे त्याच तारा छोट्या स्केलच्या गिटारीपेक्षा तिच्यावर जास्त ताठ लागतात. ०९-४२ चा सेट लाव (सगळ्यात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची). कुणी तरी ‘जाड तारेला टोन असतो’ म्हणून ११ चा सेट गळ्यात मारला असेल तर काढून टाक. बोटं तयार झाल्यावर १० वर जा.

दुसरं, आपली हवा. जून ते सप्टेंबर मुंबईत तारा दोन-तीन आठवड्यांत खरखरीत होतात. खरखरीत तारेवर बेंड अडकत अडकत जातो, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघतच नाही. वाजवून झालं की सुक्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची, केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या. बेंड सोडल्यावर तार किंचित उतरलेली लागते आणि ‘टिंग’ असा आवाज येतो का? मग नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकतेय. साधी शिसपेन्सिल खाचेत घास, नव्वद टक्के काम होतं.

बाकी वाजवण्याचं जाणकार सांगतील.

---

गिरगावचा_गिटारवाला

तुला अरे-तुरे करतो, वयाने तुझ्या दुप्पट आहे. तुझ्या आजींना माझा नमस्कार सांग. त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते कळायला मला ऑर्केस्ट्रात बारा वर्षं गेली.

मी गिरगावात चाळीत वाढलो. शेजारच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्यांच्याकडे व्हॅन शिपली यांच्या रेकॉर्ड होत्या. शिपली इलेक्ट्रिक गिटारवर सिनेमाची गाणी वाजवत, मांडीवर आडवी गिटार आणि तारेवरून सरकणारी लोखंडी पट्टी. आम्ही पोरं गॅलरीत बसून ऐकायचो आणि नकळत गाण्याचे शब्द म्हणायला लागायचो. कोणी गात नव्हतं, तरी म्हणायचो. आजींना तेच हवंय.

पुढे मी उभी गिटार घेतली आणि मला वाटलं, ही सरकती पट्टी नाही म्हणजे ते गाणं आता गेलं. नंतर कळलं की अमेरिकन ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांचीही हीच अडचण होती. त्यांच्या नात्यातले बुक्का व्हाइट स्लाइडने, म्हणजे तारेवरून सरकणाऱ्या नळीने, वाजवत, किंग यांना तो आवाज हवा होता पण स्लाइड हाताला बसेना, म्हणून त्यांनी डाव्या हाताचं बोट तारेवर हलवून तो आवाज शोधला. त्यांचा जगप्रसिद्ध व्हायब्रॅटो असा जन्मला. म्हणजे जगातला सगळ्यात बोलका लीड हात मुळात मींडच शोधत होता. आपल्याला मींड लहानपणापासून कानात मिळालेली आहे. तिचा वापर कर.

आता काम सांगतो. तीन महिने बॉक्स विसर. पाचही.

फक्त तिसरी तार घे, ‘जी’ (G) या सुरात लावतोस ती. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लाव, सा म्हणजे ए, आपल्या पेटीतली पांढरी सहा. आता या एकाच तारेवर सरगम: सा दुसऱ्या पडद्यावर, रे चौथ्या, ग सहाव्या, म सातव्या, प नवव्या, ध अकराव्या, नी तेराव्या, वरचा सा चौदाव्या. एकच बोट, तर्जनी. वाजवायच्या आधी प्रत्येक सूर तोंडाने म्हणायचा. सप्तक खालचं लागलं तरी चालेल, आवाज चांगला नसला तरी चालेल, सूर मात्र लागला पाहिजे. बॉक्समध्ये बोटं पुढे पळतात आणि कान मागून येतो. एका तारेवर बोटाला लांब जावं लागतं, म्हणून कानाला आधी पोचायला वेळ मिळतो. आणि दोन सुरांतलं अंतर डोळ्यांना दिसतं, ग ते म एवढंसं, म ते प दुप्पट. गवयाला ते गळ्यात जाणवतं, तुला हातात जाणवेल.

पंधरा दिवस हे झालं की बेंड. त्याच तारेवर नववा पडदा वाजव, पंचम. डोळे मिटून तो गुणगुण. गुणगुणणं चालू ठेवूनच सातव्या पडद्यावर ये, मध्यम वाजव आणि तार ओढून त्या गुणगुणत्या पंचमाला नेऊन भिडव. पंचम गळ्यात आधीपासून आहे, बोट फक्त त्याच्या घरी जातंय. तू आत्ता उलट करतोस: बोट ओढतोस आणि जिथे पोचेल त्याला पंचम म्हणतोस. तुझ्या ‘सूर कुठे पोचतोय तेच कळत नाही’ या वाक्याचं मूळ हेच आहे.

हाताची ठेवण नीट वाच. तार अनामिकेने दाबायची, तिच्या मागे त्याच तारेवर मधलं बोट आणि तर्जनी, तिघांनी मिळून ढकलायची. अंगठा मानेच्या वरून बाहेर काढून अडकवायचा. जोर बोटांच्या पेरांतून नाही, मनगट फिरवून, दाराची मूठ फिरवतो तसा. तर्जनीचं मोकळं टोक वरच्या चौथ्या तारेला हलकं टेकलेलं असू दे, आणि उजव्या तळव्याची कड जाड तारांवर. नाहीतर बेंड करताना शेजारच्या तारा कुरकुरतात आणि हेडफोनमध्ये ते कळत नाही, अँपवर सगळ्यांना कळतं.

दहा वेळा कर, दर वेळी थांबून नववा पडदा वाजवून ताडून बघ. दहापैकी किती लागले ते वहीत लिही. मी पहिल्या आठवड्यात दहाला तीनच्या वर गेलो नव्हतो, आणि तेव्हा मी पैसे घेऊन स्टेजवर वाजवत होतो.

व्हायब्रॅटोबद्दल. घाबरल्यासारखा थरथरतो, कारण तो तालात नाही. मेट्रोनोम ६० वर ठेव, एका मात्रेत दोन हेलकावे, बस. दरबारी रागातल्या कोमल गंधाराचं आंदोलन ऐकलंस तर कळेल की सूर किती सावकाश झुलला तरी चालतो. आणि एक गोष्ट फार कमी जण सांगतात: साध्या दाबलेल्या सुरावर व्हायब्रॅटो सुरापासून वर जाऊन परत येतो, पण बेंड करून गाठलेल्या सुरावर तो खाली जाऊन परत वर येतो. म्हणजे पंचमाला पोचलास की तार जराशी सैल सोड, पुन्हा पंचमाला आण. वर ढकलत राहिलास तर सूर चढा लागतो आणि ऐकणाऱ्याला का ते कळत नाही, नुसतं टोचतं.

ऐकायचं काय? ब्रिजभूषण काबरा यांची स्लाइड गिटार. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या सोबत ती आहे. एक सूर किती वेळ जिवंत ठेवता येतो ते त्यात ऐक.

आणि सगळ्यात शेवटी, गाणं. लीड बनवू नकोस इतक्यात. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ घे, घरात म्हणता त्याच चालीत. पहिली ओळ फक्त. ‘सुखकर्ता’मध्ये ‘र्ता’वर जोर कुठे येतो, ‘वार्ता’ किती लांबते, श्वास कुठे घेता, ते आधी म्हणून बघ आणि मग एका तारेवर वाजव. जोडाक्षर आलं की पिक मार, स्वर लांबला की पिक मारू नकोस, बोट सरकव. सनईवाला जिभेने शब्द पाडतो. तुझी जीभ म्हणजे पिक. तू प्रत्येक सुराला पिक मारतोयस, म्हणून तुझ्या गाण्यात नुसती व्यंजनं आहेत.

---

भांडुपचा_सहातारी

काका, काय लिहू. तुमचं उत्तर ऑफिसमध्ये वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन ‘सुखकर्ता’ गुणगुणून पाहिलं. ‘वार्ता’ मी वाटलं त्यापेक्षा खूप लांब म्हणतो.

परळचे दादा, तारा १० च्या आहेत आणि सात महिने बदललेल्या नाहीत. शनिवारी धोबी तलावला जाऊन ०९ चा सेट आणतो.

---

कोमल_निषाद

काकांचं सगळं मान्य, माझाही सुरुवातीचा पाया गाण्याचाच आहे. पण एका ठिकाणी मला थांबवावंसं वाटतं. फक्त तानपुऱ्यावर तयार झालेला कान बॅकिंग ट्रॅकवर फसतो. मी स्वतः फसलेय. गोरेगावच्या एका जॅमपॅडमध्ये (भाड्याने मिळणाऱ्या सरावाच्या खोलीत) पहिल्यांदा बँडबरोबर उभी राहिले आणि माझा सुंदर, स्थिर सा मध्येच परका वाटायला लागला. हलला नव्हता तो. त्याच्या खालची जमीन हलली होती.

सहातारी, हे करून बघ. फोनवर स्वतःच कॉर्ड (एकत्र वाजणारे सुरांचे गट) रेकॉर्ड कर: ए मायनर, एफ, सी, जी, प्रत्येकी चार मात्रा, सावकाश, पाच मिनिटं. आता त्यावर फक्त ए हा एक सूर धरून राहा, दुसरं काही वाजवू नकोस. ए मायनरवर तो घरी असल्यासारखा वाटेल. एफ आला की तोच सूर गोड होईल, कारण तो एफचा तिसरा सूर आहे. सीवर थोडा तरंगेल. जीवर त्याला कुठे तरी जावंसं वाटेल. सूर तू बदललाच नाहीस. हे ज्या दिवशी कानाला कळेल त्या दिवशी ‘थांबायचं कुठे’ हा तुझा प्रश्न निम्मा सुटेल.

मग पुढची पायरी. कॉर्ड बदलतो त्या क्षणाला कॉर्डच्या तिसऱ्या सुरावर पाय टेकायचा. ए मायनरवर सी, एफवर ए, सीवर ई, जीवर बी. बी तुझ्या मायनर पेंटाटॉनिकमध्ये नाहीच, ए सा धरला तर तो शुद्ध रिषभ. म्हणूनच बॉक्समध्ये राहणाऱ्यांना जी कॉर्डवर नेहमी काहीतरी कमी वाटत राहतं. काकांच्या तिसऱ्या तारेवर तो चौथ्या पडद्यावर आहे. तीन कॉर्ड शांत राहून जीवर तेवढा एक रिषभ लावलास तरी घरातले मान वर करून बघतील.

आणि गेन, म्हणजे आवाज फाडणारा नॉब, कमी कर, प्लीज. खूप डिस्टॉर्शनमध्ये हळू मारलेला पिक आणि जोरात मारलेला पिक सारखाच ऐकू येतो, मग भाव कुठून येणार? गिटारचा व्हॉल्यूम सातवर, मानेकडचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा चुंबक), टोन थोडा खाली. शब्दाचा जोर हवा तिथे व्हॉल्यूम करंगळीने वर न्यायचा. स्ट्रॅटला तो नॉब अगदी हाताशी असतो, त्याचा फायदा घे. इंग्लिश रॉक गिटारवादक जेफ बेक यांचं ऐक, बोटं, व्हॉल्यूम नॉब आणि व्हॅमी बार (तारा सैल-ताठ करणारी दांडी) एवढ्यावर ते काय काय बोलायचे.

---

गिरगावचा_गिटारवाला

कोमल, तुझं बरोबर आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. आमच्या वेळी कॉर्ड सांभाळायला ॲकॉर्डियनवाले होते, मला नुसती चाल वाजवायची असे, म्हणून माझ्या डोक्यात जमीन स्थिरच राहिली.

त्याला जोडून एक. तानपुऱ्याबरोबर शुद्ध गंधार पडद्यावर वाजवलास तर तो किंचित चढा लागेल. तुझा कान खराब नाही. गिटारच्या पडद्यांवर सूर सगळे सारख्या अंतराने वाटलेले आहेत, आणि तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार त्यापेक्षा साधारण १४ सेंट खाली असतो (एका पडद्याचं अंतर म्हणजे १०० सेंट). पडद्यावरचा सूर खाली आणता येत नाही, पण रिषभावरून बेंड करून गंधाराला गेलास तर नेमका हवा तिथे थांबता येतं. तानपुऱ्याबरोबर तसं कर. कीबोर्ड किंवा कॉर्ड असतील तर मात्र त्यांच्या गंधाराला जा, तिथे हट्ट धरू नकोस.

---

सोल्डरवाला_परळ

हेडफोनवाल्यांसाठी एक राहिलं. आठवड्यातून एकदा तरी गिटार हवेत ऐक. अँप नाही तर नाही, रविवारी दुपारी जॅमपॅड तासावर मिळतो. कानाला चिकटलेला आवाज आणि खोलीत पसरलेला आवाज यांत व्हायब्रॅटोचा अंदाज पूर्ण वेगळा लागतो.

---

भांडुपचा_सहातारी

सात आठवड्यांनी परत आलोय. सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

बॉक्स खरंच बंद केले. पहिले दहा दिवस फार जड गेले, हात आपोआप पळायला बघायचा. वही ठेवली आहे. मध्यम ते पंचम बेंड: पहिल्या दिवशी दहाला दोन, काल दहाला आठ. नव्या तारांनी फरक पडला, रोज पुसतोय. एफवरचा ए मला आता ऐकू येतो! लोकलमध्ये शेजारच्याच्या मोबाइलवर गाणं वाजत होतं, त्यात कॉर्ड बदलला आणि धरलेला सूर गोड झाला ते मला उभ्या उभ्या कळलं. मुलुंड येईपर्यंत तेच ऐकत होतो, भांडुप मागे गेलं.

गेल्या रविवारी बाबा घरी होते आणि जागे होते, म्हणून पहिल्यांदा छोटा अँप लावला, अगदी हळू. आरतीची पहिली ओळ वाजवली. एकदा, दोनदा. आजी आत देवापाशी वाती वळत बसली होती. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा आतून तिचा आवाज आला:

"‘विघ्नाची’मधला ‘ची’ तुटतोय रे. तेवढा सावकाश उतरव."

काका, मी त्या खोलीतच बराच वेळ बसून राहिलो. ती ‘ची’ म्हणाली.

आता तो ‘ची’ दुरुस्त करायचा आहे. तिथे मी वरच्या सुरावर बेंडने जातो आणि उतरताना तार सोडतो तेव्हा आवाज मध्येच बसतो, खालच्या सुराला पोचेपर्यंत काही उरत नाही. पिक पुन्हा मारला तर शब्द दोन तुकड्यांत ऐकू येतो. काय करू?

---

गिरगावचा_गिटारवाला

आजींचा कान सोन्याचा आहे. त्यांना दर रविवारी पुढची ओळ ऐकवत जा.

उतरताना तू तार सोडतोस, तिथेच सूर बसतो. उतरतानाही बोटाचा दाब चढतानाएवढाच ठेवायचा, उलट किंचित जास्तच. तार आपल्या ताणाने स्वतःच परत यायला बघते, तिला तीन बोटांनी धरून, रोखत रोखत खाली आणायचं. विहिरीतून भरलेली बादली वर काढतो ते जोराचं काम, पण भरलेली बादली न सांडता खाली ठेवायला हात जास्त स्थिर लागतो.

असं कर. पिक न मारता आधीच तार ओढून पंचमाला नेऊन ठेव, मग पिक मार आणि चार मात्रांत मध्यमाला उतर. मेट्रोनोम ६०. मध्यम आला की तिथे आणखी दोन मात्रा थांब, आवाज जिवंत आहे का बघ. नसेल तर पहिला पिक मऊ पडतोय, मुळातच थोडा भरीव मार. हे जमलं की मग चढ-उतार दोन्ही एका पिकमध्ये.

आणि ‘ची’ दीर्घ आहे. तो संपल्यावर श्वास घे, मगच पुढची ओळ.